वाढत्या अंगाचे अडॅप्टर

सिंगापूरमध्ये राहून स्कीच्या बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीबद्दल, तावातावाने बोलणारी बाई बघितली की लोकांना गंमत वाटते. वाटू दे. आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये, इथल्या सगळ्या नव्या फ्लॅटमध्ये असतं तसं, एक बॉम्ब शेल्टर आहे. जाड लोखंडी दाराची, बिनखिडकीची कोंदट खोली. लोक तिच्यात तांदळाच्या गोण्या, सुटकेसा आणि आकाशकंदील ठेवतात. आमच्याकडे तिथे स्कीच्या तीन जोड्या भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि त्यांना बुरशी लागू नये म्हणून एक छोटं यंत्र दिवसभर हवेतलं पाणी शोषत बसलेलं असतं. ते पाणी ओतायचं काम माझं.

हा नाद नवऱ्याचा. लग्नाआधी तो युरोपात एका प्रोजेक्टवर होता, तिथे शिकला. मला त्याने शिकवलं ते ओरडून ओरडून, आणि मी शिकले ते मुख्यतः त्याचं ओरडणं बंद व्हावं म्हणून. पण पुढे मला ते खरंच आवडायला लागलं. आमच्या ओळखीची मराठी मंडळी डिसेंबरात बालीला नाहीतर पुण्याला जातात. आम्ही जपानला जातो, दरवर्षी त्याच डोंगरावर, त्याच लॉजमध्ये.

त्या डोंगरावर शेवटची लिफ्ट, म्हणजे माणसांना वर नेणारा तारेवरचा पाळणा, जिथे संपते तिथे एक कॅफे आहे, आणि कॅफेच्या मागून एक चढ एका डोंगरधारेवर जातो. अर्ध्या तासाचा चढ. धारेच्या पलीकडे दुसरं खोरं आहे, तिकडे लिफ्ट नाही, गर्दी नाही. नवरा दरवर्षी एक दिवस तिथे जायचा. त्याच्या स्की चढायच्या, म्हणजे टाच मोकळी सुटणाऱ्या बाइंडिंगच्या. मी आणि मुलगी कॅफेत थांबायचो, मग आम्ही दोघी लिफ्टच्या उतारांवर खेळायचो. संध्याकाळी तो लाल तोंडाने परत यायचा आणि जेवण होईपर्यंत त्या खोऱ्याबद्दल बोलायचा. "तुम्ही दोघी असायला हव्या होतात," हे वाक्य ठरलेलं. एवढ्या वर्षांत ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गेल्या वर्षी मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि म्हणाली, मीपण येणार. नवरा एकदम खूश. मी म्हटलं, मग मीही येते. तेव्हा दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू आमच्या गाडीने मधेच तोंड उघडून सांगितलं होतं की मलाही सिनेमाला यायचंय. नवरा म्हणाला, तुला कशाला, दम लागेल, तू आपली कॅफेत निवांत बस. मी दर रविवारी इथला बुकित तिमाचा डोंगर चढते. तो त्या वेळी झोपलेला असतो.

मला ती धार बघायची होती असं नाही. डोंगरधारा मी सह्याद्रीत पुष्कळ बघितल्यात. मला त्या दोघांबरोबर असायचं होतं. बाप-लेकीचा एक क्लब झाला होता आणि मला त्याचं सभासदत्व नव्हतं. बर्फ, बूट, हवामान, कुठल्या वळणावर कोण कसं पडलं, सगळं त्यांच्यात चालायचं. माझ्या वाट्याला आलेली मुलगी वेगळी होती. मी मराठीत विचारायचं, जेवलीस का, अभ्यास झाला का, आणि तिने मान न उचलता इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचं, "या या, नोटेड लाह." आणखी दोन-तीन वर्षांनी ती शिकायला कुठेतरी निघून जाणार. त्याआधी मला अर्धा तास तिच्या मागून चालायचं होतं. चढावर माणूस फोन बघू शकत नाही. एवढाच माझा हिशेब होता आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता. सांगितलं ते एवढंच: "मला तुमच्याबरोबर यायचंय." यापेक्षा साध्या मराठीत कसं सांगतात मला माहीत नाही.

आता प्रश्न सामानाचा. माझ्या आणि मुलीच्या स्की साध्या, उतरायच्या. त्यांच्या बाइंडिंगमध्ये बूट पुढून मागून घट्ट आवळलेला असतो. उतरताना तेच हवं असतं, पण टाच उचलल्याशिवाय चढ चढता येत नाही. चढायची बाइंडिंग नवीन बसवायची तर स्कीला भोकं पाडा, बूटही वेगळे घ्या. वर्षातून एका अर्ध्या तासासाठी हे सगळं वेडेपणाचं, असं नवरा म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. त्याचं बरोबर असतं तेव्हा मी मान्य करते. त्यावर उपाय म्हणजे अडॅप्टर. बिजागरी असलेली एक चौकट. ती बुटाच्या जागी बाइंडिंगमध्ये अडकवायची आणि बूट तिच्यात बसवायचा, की टाच मोकळी. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या म्हणजे पाय मागे घसरत नाही. वर पोचलं की चौकट काढून पाठपिशवीत टाकायची, पट्ट्या सोलायच्या, बूट थेट बाइंडिंगमध्ये, आणि खाली.

मी चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत काय चुकणार आहे हे आधी शोधून काढायचं, यावर माझं पोट आहे. त्यामुळे अडॅप्टर मीच निवडणार हे मी जाहीर करून टाकलं. सकाळी बसमध्ये, दुपारी फूड कोर्टात थाळीसमोर, मी त्या एका वस्तूबद्दल वाचत होते. बर्फात राहणारे दाढीवाले लोक व्हिडिओत एकेक चौकट हातात धरून तिची निंदानालस्ती करायचे, ते मी कान देऊन ऐकायचे. शेजारी बसणारी तमिळ मैत्रीण विचारायची, हा कुठला कोर्स करतेयस.

तीन तऱ्हा होत्या. एक अगदी छोटी, फक्त बुटाचं नाक पकडणारी. वजनाला काहीच नाही, पण तिला बुटाच्या नाकाला दोन्ही बाजूंनी खास भोकं लागतात, ती आमच्या बुटांना नव्हती. दुसरी जुन्या घडणीची, हलकी, पण आडव्या उतारावर डुगडुगते असं सगळेच सांगत होते. तिसरी धातूची, जड, बुटाला नाकापासून टाचेपर्यंत धरणारी, खडा चढ आला की टाचेखाली उभा करायचा एक खुंटही असलेली, आणि हातमोजे न काढता उघडता येणारी. नवऱ्याला दुसरी पसंत होती. वजन कमी, म्हणाला, तुलाच पाठीवर वागवायचंय. मी म्हटलं, वजन मी वागवीन, डुगडुगणं वागवणार नाही. चढ छोटा आहे, जड वस्तू अर्धा तास उचलून मरणार नाही कोणी. पण धारेच्या अलीकडचा शेवटचा टप्पा आडवा आहे, तिथे पाय लटपटला तर लिफ्टच्या तारांवर जाऊन पडेन. यावर आमचं दोन रविवार वाजलं. शेवटी त्याने हात टेकले. आमच्या लग्नात मी जिंकलेल्या वादांपैकी हा एक, म्हणून मला तो नीट आठवतो.

निवड झाल्यावर मी सराव सुरू केला. आमच्या ब्लॉकला जिना आहे, पण लिफ्ट चालू असताना तिथे कुत्रंही फिरकत नाही. मी स्कीचे बूट घालून, पाठपिशवीत तांदळाच्या पिशव्या भरून, पहिल्या मजल्यापासून वर चढायचे. स्कीचा बूट म्हणजे पायात बसवलेली प्लास्टिकची बादली. जिन्यात आवाज असा घुमायचा की बाराव्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई एकदा दार उघडून बाहेर आल्या. मला, माझ्या बुटांना आणि घामाला नीट बघून त्यांनी विचारलं, "लिफ्ट स्पॉइल्ट अह?" मी म्हटलं, नाही, व्यायाम. त्यांनी आत जाऊन मला बार्लीच्या पाण्याचा डबा आणून दिला. माझ्या तयारीची दखल घेणारी ती एकमेव व्यक्ती.

मग ऑर्डर टाकायची वेळ आली. नवरा म्हणाला, ऑर्डर मी टाकतो, तुला ते जपानच्या पत्त्याचं जमणार नाही. सामान थेट लॉजवर मागवायचं ठरलं होतं, कारण ते धातूचं ओझं इथे आणून परत विमानात भरण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या बुटाच्या तळव्याची लांबी त्याला सांगितली. बुटाच्या टाचेवर ती मिलिमीटरमध्ये कोरलेली असते: २८४. अडॅप्टर दोन मापांत येतात, लहान आणि मोठं, आणि दोन्ही काही मर्यादेत मागेपुढे सरकतात. माझं लहान. मुलीचा पाय बापावर गेलाय, ती दोन मापांच्या सीमेवर होती. मी हे जेवणाच्या टेबलावर, समोरासमोर सांगितलं. तो हो म्हणाला.

लॉजवर पोचलो तेव्हा खोकं आमच्या आधी आलेलं होतं. मी सामान लावत होते तोवर नवऱ्याने खाली स्कीच्या खोलीत जाऊन ते फोडलं आणि वर येऊन सांगितलं, दोन्ही जोड्या तयार. मी म्हटलं, मला एकदा बूट घालून बघू दे. तर म्हणाला, बूट वाळवायच्या खोलीत टांगलेत, खोलीला कुलूप लागलंय, उद्या वर बघूच की, तुझं ऑफिस इथे नको. मुलगी हसली. मीही हसले. आपल्या कामाची चेष्टा झाली की आपणही हसायचं, ही सवय मला कुठून लागली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. पुढचे सगळे दिवस वादळाचे आहेत आणि धारेची वाट उद्यापासून बंद करणार, असं लिफ्टपाशी लिहिलेलं होतं. शेवटच्या लिफ्टवरून उतरून आम्ही कॅफेच्या मागे गेलो, पट्ट्या चिकटवल्या, चौकटी बाइंडिंगमध्ये अडकवल्या. मुलीचा बूट तिच्या चौकटीत खटकन बसला. माझा बसला नाही. मी नाक पुढे नीट लावलं, टाच दाबली, मागची पकड पार पुढे सरकवली. टाच आणि पकड यांच्यात चांगलं बोटभर अंतर राहिलं. मी चौकट काढून उलटी केली आणि तिच्या पोटावरचं माप वाचलं. मोठं.

नवरा गुडघ्यावर बसला आणि खटपट करू लागला. आधी त्याने अंतरात हातमोजा कोंबला. मग चॉकलेटच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला. म्हणाला, चालून बघ. मी दोन पावलं चालले. पुठ्ठा उडाला, बूट सुटला आणि मी बर्फात बसले. बाजूने चढणाऱ्या लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मी स्की खांद्यावर टाकून नुसत्या बुटांनी चालायचाही प्रयत्न केला, तर पायवाटेच्या कडेला मांडीपर्यंत आत गेले. नवऱ्याने मला ओढून काढलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, उशीर झाला की वरचा बर्फ सैल होतो. मग मुलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मग आम्ही दोघं जाऊन येऊ? हिची तरी हौस भागेल."

मुलगी म्हणाली, "आई, यू शुअर?" मी अजून काही बोललेच नव्हते. ती कशाबद्दल शुअर विचारत होती? मला वाटलं, ही आता म्हणेल, मग मी पण नाही जात. मी मनातल्या मनात ते वाक्य तिच्या तोंडात घालून पाहिलं. ती थांबली होती, पण पट्टे आवळून थांबली होती. मी म्हटलं, जा. आई दुसरं काय म्हणते? निघताना नवरा माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "बरं झालं, एक जोडी तरी कामी आली."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या थंडीत कळलं. मुलगी पुढे चालत होती, तो तिच्या मागे. ती मागची जागा मी माझ्यासाठी ठरवून ठेवली होती. पहिल्या वळणापर्यंत ती दोघं दिसली, नंतर मी कॅफेत गेले. लहानपणी मुलगी जिथे माझ्यासमोर बसून कोको प्यायची त्याच टेबलावर बसले आणि रडले. सरळ सांगते, नाक लाल होईपर्यंत रडले.

संध्याकाळी दोघं पलीकडच्या खोऱ्यातून बसने परत आली. मुलगी इतकी बोलत होती की मला तिला थांबवायचं धैर्य झालं नाही. ती अंघोळीला गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, मी २८४ सांगितलं होतं, मोठं का मागवलंस? तो अजिबात गडबडला नाही. म्हणाला, "अगं, तिचा पाय अजून वाढतोय. आणि दोन्ही जोड्या एका मापाच्या असल्या की एकीचं दुसरीला चालतं. मोठं लहान करता येतं, लहान मोठं करता येत नाही."

हे वाक्य मी ओळखते. आपल्याकडे प्रत्येक घरात ते शिंप्यासमोर बोललं गेलंय. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा, आत चार बोटं शिलाई दाबलेली. शाळेचे बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबलेला. मुलीच्या लहानपणी मीही हेच केलं, तिचे स्विमिंग सूट दोन-दोन वर्षं चालवले. त्यात वाईट काही नाही. पण ती पंचेचाळीशी ओलांडलेल्या बायकोच्या पायालाही लागू करायची गोष्ट आहे, हे डोकं फक्त आमच्या घरातच चालू शकतं.

"माझा पाय कुठे वाढतोय?" मी विचारलं.

तो थोडा वेळ खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "तुझं लक्षातच आलं नाही गं." खोटं बोलत नव्हता. मुद्दाम केलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते, मला भांडता येतं. लक्षात न येण्याशी कसं भांडायचं? ऑर्डर टाकताना त्याच्यासमोर दोन जोड्या होत्या आणि दोन्हींत एकच मुलगी उभी होती. मी महिनाभर जिना चढले ते त्या खोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुढचे दिवस वादळ होतं. आम्ही खोलीत बसून पत्ते खेळलो आणि परत आलो.

परत आल्यावर नवऱ्याने धारेवरचा फोटो मोठा करून हॉलमध्ये लावला. छान आहे फोटो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत, मागे निळं आभाळ, आणि मुलगी दात दाखवून हसतेय. मराठीत हसतेय असं मला वाटतं, म्हणजे लहानपणी हसायची तसं. कोणा कोरियन माणसाने काढून दिला, असं तीच मला सांगत होती.

महिन्याभरात आमच्याकडे दोन कुटुंबं जेवायला आली, एक बिशान भागातलं आणि एक आमच्याच ब्लॉकमधलं. पुण्याचीच सगळी, जुनी ओळख. पुरुष फोटोसमोर उभे राहिले, नवऱ्याने चढाचं वर्णन सुरू केलं, शेवटचा आडवा टप्पा, जड अडॅप्टरच कसे बरे, हलके डुगडुगतात वगैरे. शब्द माझे होते. मी पोळ्यांचा डबा टेबलावर ठेवत होते. मुलगी सोफ्यावर होती.

बिशानहून आलेल्या मित्राने विचारलं, "आणि वहिनी कुठेयत यात?"

"ती फोटो काढत होती," नवरा म्हणाला. क्षणभरही अडखळला नाही. मला वाटतं, तोवर त्याचा त्यावर विश्वास बसला होता.

मित्र माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, काय सुंदर काढलाय हो."

मी मुलीकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिने मान खाली घालून फोन चालू केला. मी डबा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मी नव्हतेच तिथे. मी खाली कॅफेत बसले होते. मला चुकीचं माप आणलं होतं."

मित्राची बायको हसून म्हणाली, वहिनी पण ना, आणि बाकीचेही हसले. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने.

"हिचं हे असंच," तो त्यांना म्हणाला. "हिला कधी श्रेय घ्यायलाच नको असतं."

आणि ते सगळ्यांना पटलं.